कोर्लईला जाताय? तट बघा, पण गावात उतरा

अलिबागजवळच्या कोर्लई किल्ल्याचे ड्रोन व्हिडिओ सध्या ढिगाने फिरतायत. निळं पाणी, दीपगृह, वर संगीत. किल्ला नेमका तिथेच का, हे सांगायला कुणाला सवड नाही.

कुंडलिका खाडीच्या मुखाशी उत्तरेला रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. त्यांचा कोट १५२१ चा. दक्षिणेला पाण्यात घुसलेली कोर्लईची डोंगरसोंड. तिच्यावर ज्याच्या तोफा, खाडीत शिरणारं प्रत्येक जहाज त्याच्या माऱ्यात, समोरचं शहरही. ही पोर्तुगीज आणि निजामशाही या दोन राज्यांची हद्द होती, म्हणून दोघांचाही डोळा सोंडेवर. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने चौलला वेढा घातला, तो फसला. पुढे निजामशाहीने सोंडेवरच बांधकाम काढलं आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून ते बळकावलं. म्हणजे ज्याला सगळे ‘पोर्तुगीज किल्ला’ म्हणतात, त्याची सुरुवात निजामशाहीची.

डोंगर लांबट नि चिंचोळा. अशा जागी तट लांबच लांब होतो आणि राखायला माणसं पुरत नाहीत. त्यावर उपाय म्हणून आत आडव्या भिंती आणि दरवाजे घालून कप्पे पाडलेत. एक कप्पा पडला तर मागे सरून पुढचा दरवाजा लावायचा. दीपगृहाजवळच्या पायऱ्यांनी वर गेलात की दरवाजे नुसते मोजू नका. प्रत्येकातून पलीकडे गेल्यावर मागे वळून बघा, शत्रू कुठे अडकला असता ते कळतं. पाण्याचं टाकं आणि चर्चचे अवशेषही वरच आहेत.

मराठ्यांनी वसई जिंकल्यावर वर्षभराने, १७४० मध्ये, किल्ला मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज अंमलदार गेले, पायथ्याची ख्रिस्ती वस्ती मात्र हलली नाही. धर्म वेगळा, त्यामुळे आसपासच्या हिंदू-मुसलमानांशी सोयरीक नाही. शिवाय चर्चमधली पोर्तुगीज कानावर पडत राहिली. म्हणून त्यांची बोली टिकली. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठीच्या वळणाची, क्रियापद शेवटी. आपण पोर्तुगीजमधून पाव, चावी, साबण, घमेलं असे सुटे शब्द उचलले; इथे अख्खी बोली उभी राहिली.

आता बोलणारे हजाराच्या आसपास. शाळा मराठी, बाजार मराठी. तटाच्या डागडुजीसाठी निवेदनं जातात, ती जावीतच. पण दगड अजून शंभर वर्षं तग धरतील. बोलीला तेवढी मुदत नाही, आणि ती ध्वनिमुद्रित करायला परांची लागत नाही की चुना.