साक्ष झाली, पण दोन वर्षांनी

लेखात म्हटलंय की अमेरिकी काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) समन्सला सरकारने दाद दिली नाही तरी कोर्ट आहेच. मला हे पटत नाही. डॉन मॅकगॅन यांचंच प्रकरण घ्या. हे ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसचे माजी कायदेशीर सल्लागार. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या, न्यायविषयक समितीने एप्रिल २०१९ मध्ये त्यांना समन्स काढलं, व्हाइट हाउसने जाऊ नका म्हणून सांगितलं. नोव्हेंबरात न्यायाधीश केतनजी ब्राउन जॅक्सन यांनी 'राष्ट्राध्यक्ष राजे नसतात' असं बजावून साक्षीला हजर राहायला सांगितलं. किती बरं वाटलं होतं तेव्हा! पण फेब्रुवारी २०२० मध्ये अपील कोर्टाच्या खंडपीठाने २-१ अशा बहुमताने या वादात आम्ही पडणार नाही म्हणत हात झटकले. ऑगस्टमध्ये पूर्ण पीठाने तो निकाल फिरवला, तर महिनाअखेरीस खंडपीठ पुन्हा म्हणालं की असा दावा लावायची कायद्यात तरतूदच नाही. साक्ष झाली जून २०२१ मध्ये, तडजोडीने, बंद दाराआड. तोवर महाभियोग झाला, निवडणूक झाली, समन्स काढणाऱ्या काँग्रेसची मुदतही संपली.

समन्स न पाळणाऱ्यावर काँग्रेसच्या अवमानाबद्दल फौजदारी खटल्याचा रस्ता आहे, पण खटला भरणार न्याय खातं, म्हणजे सरकारच. २०१२ मध्ये ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांना प्रतिनिधीगृहाने अवमानाचे दोषी ठरवलं. त्यांच्याच खात्याने खटला भरायला नकार दिला. ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन अशाच अवमानासाठी तुरुंगात गेले, पण ते समन्सच्या वेळी सरकारात नव्हते आणि खटला भरणारं सरकार विरोधकांचं होतं. काँग्रेसने दाव्याचा हक्क आणि निकालाची मुदत कायद्यातच लिहायला हवी.