दाखला

मराठी ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात दोन प्रकारचे दाखले असतात. प्रभू येशूने दिलेले आणि सरकारने अजून न दिलेले. जूनमध्ये हे दोन्ही मला एकाच आठवड्यात लागले.

आमच्याकडे गुरुवारी घरगुती प्रार्थनासभा असते. आज याच्या घरी, पुढल्या गुरुवारी त्याच्या. ज्याची पाळी त्याने शास्त्रातला एक दाखला घ्यायचा आणि त्याला रोजच्या जगण्यातलं उदाहरण जोडायचं. पुस्तकांत हल्ली 'दृष्टांत' छापतात, पण आमच्या आजीपासून सगळ्यांच्या तोंडी दाखलाच. पाळकसाहेबांनी आधीच बजावलं होतं, "भाऊ, या वेळी कुकर नको."

कुकरचं असं झालं होतं, की मागच्या पाळीला मी प्रभूच्या पुन्हा येण्याबद्दलचं 'तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही' हे समजावताना कुकरच्या शिट्टीचं उदाहरण दिलं. मागच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "का ठाऊक नाही? डाळीला तीन, बटाट्याला चार." सभा संपली ती तिथेच.

आमचा श्रोता तयारीचा आहे, हे लक्षात घ्या. नगरला अमेरिकन मिशन 1831 साली आलं. पुढे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची गोष्ट कीर्तनांतूनही सांगितली, त्यांची पदं आम्ही अजून उपासनेत म्हणतो. आजा-पणज्यांपासून ज्यांनी आख्यानं ऐकली, त्यांच्यापुढे मोबाइलच्या चार्जरला पवित्र आत्मा म्हणून उभं करणं सोपं नाही. तेही मी एकदा केलंय. वीज गेली होती.

प्रभूचं बरं होतं. समोर शेत, मेंढरं, जाळी, खमीर. हात लांबवला की दाखला. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. मेंढरू लिफ्टमध्येही मावणार नाही. मी हरवलेल्या नाण्याचा विचार करत होतो. बाईची दहा नाणी असतात, एक हरवतं, ती दिवा लावून घर झाडते आणि सापडल्यावर शेजारणींना आनंद करायला बोलावते. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "चहाला त्यातलं किती गेलं ते शास्त्रात दिलंय का? आणि घर झाडायचंच असेल तर केरसुणी दाराआड आहे."

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पप्पा, कॉलेजला उत्पन्नाचा दाखला द्यायचाय. शनिवार शेवटचा."

कचेरी कुठली ते सांगत नाही. मला पुन्हा तिथेच जायचंय. आधार, रेशनकार्ड, तलाठ्याचा कागद, फोटो, स्वयंघोषणापत्र, सगळं क्लिपमध्ये लावून मी साडेदहाला खिडकी नंबर तीनपुढे उभा राहिलो. भिंतीवर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचा फलक होता. त्याच्या निम्म्या मजकुरावर कपाट होतं. बाहेर चिंचेखाली एजंट टेबल मांडून बसला होता. त्याच्याकडे जाणाऱ्यांकडे बघून मी मनात म्हटलं, प्रभू, तुझे आभार, मी या लोकांसारखा नाही.

माझ्यापुढे एक आजी होत्या. नऊवारी, पायांत रबरी चपला, हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. नवरा वारलेला. निराधार योजनेसाठी त्यांनाही उत्पन्नाचाच दाखला हवा होता. म्हणजे उत्पन्न नसल्याचा. ही त्यांची सातवी खेप.

"साहेब मीटिंगला गेलेत," खिडकीतून आवाज आला.

"जाऊंद्या. मी हाय हितंच," म्हणून आजी खिडकीखालीच बसल्या. पिशवीतून फडकं काढलं, भाकरी मोडली, वर लाल ठेचा. दर दहा मिनिटांनी तोंड वर करून, "आलं का वं साहेब?" आवाजात राग नाही, विनवणी नाही. बसची चौकशी करावी तसं. अकरा वाजता विचारलं, सव्वाअकराला विचारलं. एकदा तर क्लार्क पाणी प्यायला उठला, तेव्हा त्याच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं. बाराच्या सुमाराला तो हात जोडून म्हणाला, "आजी, द्या तो कागद. तुमचं आधी करतो. नाहीतर माझं डोकं खाल."

माझ्या अंगावर काटा आला. लूक, अठरावा अध्याय! देवाला न भिणारा, माणसाची पर्वा न करणारा न्यायाधीश, आणि वारंवार येऊन त्याला जेरीस आणणारी विधवा. पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं, की तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डोळ्याखाली ठोसा देणं असा आहे. इथे ठोशाच्या जागी ठेचा होता, एवढाच फरक. गुरुवारचा दाखला भाकरी खात माझ्यापुढे बसला होता!

खिशात पेन होतं, कागद नव्हता. हातातल्या गठ्ठ्यातला एक उलटा केला आणि मुद्दे काढायला बसलो. चिकाटी, प्रार्थना, खचून न जाणे. इतका रंगलो, की माझा नंबर दोनदा पुकारला तो ऐकूच आला नाही. चौघे पुढे गेले. शेवटी मागच्या मुलाने ढोसलं.

क्लार्कने कागद पाहिले, शिक्का उचलला आणि स्वयंघोषणापत्र उलटं केलं.

"हे काय?"

मी वाकून पाहिलं. माझंच अक्षर, चांगलं ठळक. 'अन्यायी न्यायाधीश – खिडकी नं. 3. देवाला भीत नाही. माणसाला मानत नाही.' खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

त्याने ते वाचलं. मग शेजारच्या टेबलाला वाचून दाखवलं. मी पवित्र शास्त्र, संत लूक, प्रार्थनासभा असं काहीतरी पुटपुटलो. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो दुखावला होता. "दरवर्षी वारीला जातो मी," गळ्यातली माळ बाहेर काढून तो म्हणाला. "रजा बिनपगारी पडते. आणि देवाला भीत नाही?"

आजी दाखला घडी करून पिशवीत ठेवत होत्या. त्या मागे वळल्या. "द्या वं त्याला. पोरीच्या साळंचं हाय म्हनतोय. येडं हाय, पर गरीब हाय."

माझ्या उत्पन्नाबद्दल त्या कचेरीत नोंदवलं गेलेलं हे पहिलं विधान.

"कोरं स्वयंघोषणापत्र आणा," क्लार्क म्हणाला. "दोन्ही बाजूंनी कोरं." फॉर्म कुठे मिळतो विचारलं, तर त्याने चिंचेकडे बोट दाखवलं. एजंटने फॉर्मचे दहा रुपये घेतले आणि वर म्हणाला, "साहेब, आता मागं काही लिहू नका." मी जाईपर्यंत बातमी चिंचेपर्यंत पोहोचली होती.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. पवित्र शास्त्र उघडून तो अठरावा अध्याय काढला आणि विधवेच्या दाखल्याखालच्या ओळींवर बोट ठेवलं. तिथे परूशी, म्हणजे स्वतःला मोठा धार्मिक समजणारा, उभा राहून प्रार्थना करतोय, मी या जकातदारासारखा नाही म्हणून आभार मानतोय. पुढचं मला पाठ होतं. मी वाचलं नाही.

गुरुवारी घर भरलं होतं. मी आजींची गोष्ट सांगितली. कागदाच्या मागच्या बाजूचं गाळणार होतो, पण बायको पहिल्याच रांगेत बसली होती. सगळे हसले, पाळकसाहेब तर चश्मा काढून डोळे पुसत होते. मग कुकरवाल्या मावशींनी हात वर केला.

"ते सगळं खरं भाऊ. पण दाखला मिळाला का?"

"सोमवारी या म्हणालेत," मी म्हणालो.