फूटपाथचा पैसा नक्की कुणाचा?

गेले काही दिवस पेठेतल्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "फूटपाथ आणि सायकल ट्रॅक म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी. रस्त्याचा टॅक्स गाडीवाले भरतात. कोल्हापुरात आता चालतंय कोण? पुण्यात सायकल ट्रॅक फसले. आधी खड्डे मुजवा." मला तो चौघांनी पाठवला, त्यातले दोघं जवळचे मित्र. म्हणून एकेका मुद्द्यावर बोलतो.

टॅक्स गाडीवाले भरतात? आरटीओत भरलेला कर राज्याच्या तिजोरीत जातो, पेट्रोलवरचा रस्त्यासाठीचा सेस केंद्राकडे. गल्लीबोळातले रस्ते महापालिका करते, घरफाळ्यातून आणि शासनाच्या निधीतून. दारात गाडी नसली म्हणून घरफाळा माफ होत नाही. आणि ठेकेदारानं केलेल्या शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्धचं आंदोलन विसरलो का आपण? अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं होतं. 2015च्या अखेरीस टोल कायमचा रद्द झाला आणि ठेकेदाराचे पैसे सरकारनं भागवले. सरकारनं म्हणजे आपण सगळ्यांनी, साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या मोलकरणीनंसुद्धा. आज आपण ज्या रस्त्यांवरून टोल न भरता गाडी नेतो, त्यांचा खर्च तिनंही उचललाय. तिनं चालायला सलग फरशी मागितली, तर ती उधळपट्टी कशी?

चालतंय कोण? 2011च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांना जाणाऱ्यांची मोजदाद झाली. देशभरात साडेचार कोटी लोक पायी आणि अडीच कोटींहून जास्त सायकलवर जात होते. त्यानंतर गाड्या वाढल्या, मान्य. पण केएमटीनं, म्हणजे शहर बसनं, जाणारा प्रत्येक जण स्टॉपपर्यंत चालतोच. राजारामपुरीकडून स्टेशनला परीख पुलाखालून जाणारी पोरं पावसाळ्यात बघा, गाड्यांनी उडवलेलं पाणी अंगावर घेत जातात.

माझी आई 71 वर्षांची. पूर्वी रोज चालत अंबाबाईला जायची. परवा तिच्याबरोबर चाललो, तर सहा वेळा फूटपाथवरून खाली उतरावं लागलं. एकदा विजेचा डीपी (लोखंडी पेटी) आडवा आला, एकदा उचकटलेली फरशी, बाकी सगळ्या वेळा उभ्या केलेल्या दुचाक्या. एका ठिकाणी फूटपाथ गुडघ्याएवढा उंच. तिनं माझ्या खांद्याला धरून पाय वर टाकला आणि तिथंच दम खात उभी राहिली. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात फूटपाथची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी. आता आईला मीच गाडीवरून सोडतो. चालणारं एक माणूस कमी झालं आणि महाद्वार रोडच्या गर्दीत एक गाडी वाढली. 2022 साली देशात 32,825 पादचारी अपघातात गेले. हा आकडा वाचला की मला तीच आठवते.

पुण्याचं उदाहरण अर्धवट दिलंय. तिथले जुने ट्रॅक मध्येच तुटायचे, कुठं झाड, कुठं खांब, कुठं पार्किंग. असा तुकडा कुणीच वापरणार नाही. त्याच पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद केले, आणि तिथं लोक चालतात, बाकड्यावर टेकतात.

राहिले खड्डे. ते मुजवायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण खड्डा सायकलनं पडत नाही. चाकांवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, आणि उरलेलं काम डांबरावर साचलेलं पाणी करतं. रस्ता, गटर आणि फूटपाथ एकाच आराखड्यात, नीट उतार देऊन केले, तर पाणीही निघतं आणि माणूसही चालतो. दोन्हीचा पैसा एकाच कामात बसतो.

म्हणून मेसेज पुढं ढकलणाऱ्या मित्रांना एक विनंती. आपल्या प्रभागात रस्त्याचं टेंडर निघालं की त्याचा नकाशा मागा. फूटपाथ किती रुंद धरलाय, चौकात चढायउतरायला उतार दिलाय का, डीपी कुठं जाणार, एवढं बघा. नकाशा दाखवला नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. लिहायला मी बसतो तुमच्याबरोबर.