मुखवट्याखालीही रंगभूषा असतेच

‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीतिकेबद्दल एक मजकूर सध्या फिरतोय. त्यातल्या विद्रूप चेहऱ्याच्या फँटमचा अर्धा पांढरा मुखवटा मूळ कादंबरीतलाच, त्याने रंगभूषेचं काम वाचतं, आणि बाजारातला मास्क इलॅस्टिकने बांधला तरी भागतं, असं त्यात म्हटलंय. तिन्ही गोष्टी चूक.

कादंबरीतलाच? गॅस्टन लरू यांच्या १९१० च्या पुस्तकात मुखवटा काळा आहे. अर्धा पांढरा आला तो लंडनच्या १९८६ च्या प्रयोगात. पोस्टरवरचा दोन डोळ्यांचा मुखवटा रंगमंचावर दिसतच नाही, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

रंगभूषा वाचते? नायिका क्रिस्टीन फँटमचा मुखवटा भर प्रयोगात ओढून काढते, म्हणजे खालचा विद्रूप चेहरा आधीपासून तयारच हवा. फोम लेटेक्सचे, म्हणजे स्पंजासारख्या मऊ रबराचे, तुकडे वैद्यकीय गोंदाने चिकटवायचे, कडा कातडीत मिसळायच्या, वर रंग आणि विग. काढताना पातळ कडा फाटतात, म्हणून असे तुकडे सहसा एकाच प्रयोगापुरते.

आता बाजारातला मास्क. तो कोऱ्या चेहऱ्याच्या मापाचा असतो. कृत्रिम त्वचेवर बसवला की गालावर दाबतो, कपाळावर उचलला जातो. नटाच्या चेहऱ्याचा अल्जिनेटने, म्हणजे चेहऱ्यावर थापली की घट्ट होणाऱ्या लगद्याने, साचा घ्यायचा, प्लॅस्टरची प्रतिकृती ओतायची, तिच्यावर आधी कृत्रिम तुकडे बसवायचे आणि मग त्यावर मुखवटा घडवायचा. आत दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. नाकपुडी आणि वरचा ओठ पूर्ण सुटे हवेत, नाहीतर गाताना जबडा उघडला की कड वर सरकते. डोळ्याचं भोक वरच्या बाजूने मोठं कापावं. वरून येणाऱ्या प्रकाशात भुवईची सावली बुबुळ गिळते. रंग मॅटच हवा, चकाकी आली की गाल आरशासारखा चमकतो.

इलॅस्टिक तर नकोच. ते विग दाबतं, केसांच्या रेषेतला माइक हलवतं आणि मुखवटा झटक्यात सुटू देत नाही. त्याऐवजी कपाळ आणि गालाच्या हाडाशी विगवाल्यांची दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी. पट्टी फार जोरकस असली तर मुखवट्याबरोबर खालचा तुकडाही उचकटून येतो, म्हणून त्या जागी आधी पावडर थापतात. आणि ओढण्याचा सराव क्रिस्टीनलाही हवा: कड धरून बाजूला, सरळ पुढे नव्हे.