फक्त बटण दाबायचं!

नणंदेने न्यू जर्सीहून येताना ब्रेड मेकर आणला. म्हणाली, "वहिनी, तुला काही करायचंच नाहीये, सगळं आत टाकायचं आणि फक्त बटण दाबायचं."

ते बटण दाबेपर्यंत माझा आठवडा गेला. कारण मशीन तिकडचं, ११० व्होल्टवालं, आपल्याकडे २३०, डायरेक्ट लावलं असतं तर ब्रेडच्या आधी मशीनच भाजून निघालं असतं. मग ट्रान्सफॉर्मर आणला, तो मशीनपेक्षा जड आणि ओट्यावर असा घरघरायला लागला की सासूबाईंनी विचारलं, "गिरणी टाकलीस का गं?"

रेसिपीत तीन कप मैदा. तिकडचा कप २४० मिलीचा, आणि माझ्याकडे आमटीची वाटी, जिने मी आजवर सगळा संसार मोजलाय. शिवाय क्रम ठरलेला, आधी पाणी न तेल, त्यावर मैदा, मीठ कोपऱ्यात, आणि वर मधोमध खळगा करून यीस्ट. यीस्ट आणि मिठाची आधीच गाठ पडली तर यीस्ट मान टाकतं, म्हणून मधे मैद्याचा अंतरपाट. मंगलाष्टकं तेवढी म्हणायची राहिली.

हर्ब्ज म्हणजे पिझ्झाबरोबर आलेली ओरेगॅनोची पाकिटं, मी ड्रॉवरमधे साठवते (सगळेच साठवतात, नाकं मुरडू नका). सतरा निघाली. त्यातली चार चिली फ्लेक्सची होती हे नंतर कळलं.

ती आधी नाही घालायची, मळताना मशीन बीप करतं तेव्हा घालायची. आता माझ्या घरात मायक्रोवेव्ह बीप करतो, वॉशिंग मशीन करतं, फ्रीजचं दार उघडं राहिलं की तोही करतो, मी सगळीकडे पळून शेवटी इकडे आले तोवर मळणं संपून पीठ शांतपणे फुगत बसलेलं. तरी झाकण उघडून घातलीच, वर चमच्याने ढोसलं पण.

वास मात्र असा सुटला की नवरा दोनदा खिडकीतून डोकावून गेला. साडेतीन तासांनी ब्रेड निघाला, माथ्यावर खड्डा, हिरवं सगळं एकाच कुशीला. सुरी मधेच अडली. मला वाटलं कडक झालाय, म्हणून जरा बाजूने कापला. अर्धा आम्ही ठसके देत खाल्ला, अर्धा हौसेने खालच्या काकूंना.

दुसऱ्या दिवशी परत सगळं घातलं, बटण दाबलं, मोटर फिरतेय पण पीठ ढिम्म. बघते तर आतलं मळायचं पातंच गायब! सिंक बघितलं, कचऱ्याचा डबा पालथा केला. नवरा म्हणाला, "आपण खाल्लं तर नसेल ना?" त्या ब्रेडचा पोत बघता शंका रास्त होती.

संध्याकाळी काकूंनी डबा परत पाठवला. भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही त्यांची पद्धत, त्यामुळे आत वाटीभर साखर होती, आणि साखरेवर घासून पुसून लख्ख केलेलं पातं.