प्रतिक्रियेला उत्तर: शिबिरातल्या चिठ्ठीचं पुढे काय होतं?

नमस्कार. मागच्या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचा मुद्दा थोडक्यात असा: दीर्घकालीन आजार टाळण्यासाठी सरकार आणि स्थानिक संस्थांची भागीदारी म्हणजे सामंजस्य करारावर सह्या आणि फोटो, तपासणी शिबिरांनी कुणाचा झटका टळत नाही, फिनलंडचं उदाहरण फसवं आहे, कारण तिथे हृदयविकाराचे मृत्यू सगळ्या देशातच घटले, तेव्हा हा पैसा सरळ रुग्णालयांना द्यावा.

शिबिरांबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ते लेखातच यायला हवं होतं. डेन्मार्कमधल्या ‘इंटर९९’ चाचणीत ३० ते ६० वयोगटातल्या साडेअकरा हजारांवर लोकांना तपासणीचं बोलावणं गेलं आणि धोका जास्त असलेल्यांना पुढची पाच वर्षं अधूनमधून समुपदेशन मिळालं. दहा वर्षांनी, न बोलावलेल्यांशी ताडून पाहिलं तर हृदयविकारात फरक नाही, पक्षाघातात नाही, मृत्यूंतही नाही. हा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसतं शोधून, समजावून सांगून भागत नाही, हे त्यातून दिसतं.

शिबिरात तर शोधणंही धड होत नाही. माणूस जिना चढून येतो, रांगेत गप्पा मारत उभा राहतो, खुर्चीत टेकतो न टेकतो तोच दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळला जातो. हात लोंबकळता, बाही दंडावर गोळा झालेली, आणि दंड केवढाही असो, पट्टा एकाच मापाचा. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचा रक्तदाब सरासरी २० अंकांनी जास्त येतो, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. म्हणजे १२५ चा माणूस १४५ घेऊन घरी जातो. नीट मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलणं बंद. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा, त्याशिवाय निदान करायचं नाही. माणशी दहा मिनिटं धरली तर एका टेबलावर दोन तासांत बारा माणसं होतात. दोनशेचा आकडा कुणी सांगितला, तर टेबलं किती होती ते जरूर विचारा.

पण खरी गळती होते ती ‘डॉक्टरांना दाखवा’ ही चिठ्ठी हातात पडल्यावर. लॉस एंजेलिसमधल्या ५२ केशकर्तनालयांत झालेल्या चाचणीचा निकाल २०१८ साली आला. रक्तदाब जास्त असलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष, दोन गट. एका गटात न्हाव्याने ‘डॉक्टरकडे जा, राहणीमान बदला’ असा आग्रह धरायचा. दुसऱ्यात औषधनिर्माता त्याच दुकानात येऊन, डॉक्टरांशी झालेल्या लेखी करारानुसार, गोळ्या सुरू करणार आणि मात्रा वाढवणार. सहा महिन्यांनी वरचा रक्तदाब पहिल्या गटात ९ अंकांनी उतरला, दुसऱ्यात २७. (पहिल्या गटातल्या ९ पैकी काही उतार तर नुसतं पुन्हा मोजल्यानेही दिसतो.) खुर्ची तीच, न्हावीही तसेच. गोळी मात्र एका गटात जागेवर पोचत होती. भागीदारी म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर तो लेखी करार आहे.

आता फिनलंड. मृत्यू सगळ्या देशातच घटले, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथल्या उत्तर कारेलिया प्रांताच्या रहिवाशांच्या प्रतिनिधींनी १९७१ साली सरकारकडे मदत मागितली, १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली हृदयविकार टाळण्याचं काम सुरू झालं, आणि पाच वर्षांनी ते मुद्दाम देशभर नेलं गेलं. पंचवीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू त्या प्रांतात सुमारे ७३ टक्क्यांनी घटले, देशात सुमारे ६५. देशभर पसरवलेल्या कामाची तुलना देशाशीच केली तर फरक थोडा दिसणारच. तरीही त्यातलं किती श्रेय प्रकल्पाचं, याची चोख वाटणी कुणालाच करता येत नाही. तेवढा तुमचा आक्षेप उभा राहतो. अमेरिकेत १९८० च्या दशकातल्या मिनेसोटा, स्टॅनफर्ड आणि पॉटकेटच्या अशाच प्रकल्पांचे निकालही फिके होते.

कारेलियातून मी उचलतो ती कामाची वाटणी. मार्था या गृहिणींच्या संघटनेने घरातल्या स्वयंपाकाला हात घातला. तो दूधदुभत्याचा प्रांत, लोणी कमी खा म्हटलं की शेतकऱ्यांच्या पोटावर पाय. म्हणून त्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवायचा कार्यक्रम निघाला. हे राजधानीत बसून होत नाही. उलट १९७६ चा तंबाखू कायदा किंवा १९९३ ची वेष्टनावर मीठ छापायची सक्ती कुठल्याही गावाच्या आवाक्यातली नव्हती.

रुग्णालयांना पैसा हवाच. पण जुना अर्ध्याचा नियम लावून पाहा: रक्तदाबाचे हजार रुग्ण, त्यांतल्या निम्म्यांना आजार ठाऊक, त्यांतले निम्मे उपचार घेणारे, त्यांतल्या निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात. उरले १२५. रुग्णालय कितीही चांगलं केलं तरी ते दारात आलेल्या २५० जणांपुरतंच.

मधुमेह लांबवणं तर औषधाशिवायही जमतं. त्याच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवरच्या अमेरिकी चाचणीत (२००२) ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम या लक्ष्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१. २०१० पासून तिथे हे राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून चालतं: अभ्यासक्रम केंद्र सरकारने मान्य केलेला, निकष त्याचेच, शिकवणारे स्थानिक प्रशिक्षक, आणि त्यांनी डॉक्टर असायची गरज नाही. पहिल्या सहा महिन्यांत किमान १६ सत्रं, पुढच्या सहांत किमान ६, आणि आकडे केंद्राकडे ठरल्या वेळी. आकडे नाहीत तर मान्यता नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, छोट्या संस्थेने मग करायचं काय. एकच आजार घ्या. मोजायला बसण्याआधी लेखी ठरवा: रुग्ण कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी जाणार, गोळी कोण लिहिणार, तीन महिन्यांचा साठा आहे का. हे ठरत नसेल तर पट्टा बाहेर काढू नका. मग नोंदवही. दर महिन्याला न आलेल्यांची वेगळी यादी. पहिल्या आठवड्यात फोन, दुसऱ्यात घरी. टक्केवारी काढताना भागायचं ते नोंदलेल्या सगळ्यांनी. १०० नोंदले, ६० आले, ४२ आटोक्यात, तर उत्तर ४२ टक्के. अहवालात मात्र सर्रास ७० लिहिलं जातं.

आणि एक रकाना ‘का आले नाहीत’ याचा ठेवा. गोळ्या संपल्या होत्या, चक्कर येत होती, बरं वाटलं म्हणून थांबवल्या, दवाखाना कामाच्या वेळेतच उघडा असतो. यातलं शेवटचं दवाखान्याशी बोलून सोडवता येतं. मधली दोन कारणं डॉक्टर आणि कार्यकर्ता मिळून पाहतील. ‘गोळ्या संपल्या’ वारंवार दिसू लागलं, तर कार्यकर्त्याला धारेवर धरू नका. तो रकाना महिन्याच्या आकड्यासह गोळ्या पुरवणाऱ्या वरच्या कार्यालयाला पाठवा.