पाच मिनिटं टेकायला मिळायलाच हवीत

सीझन सुरू झाला की मांद्रे, आश्वे, हरमलच्या रस्त्याला जागोजागी योग आणि ध्यानाच्या पाट्या लागतात. कुठून कुठून माणसं गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यात विसावा घ्यायला येतात. येऊ देत, किनारा आहेच तसा. पण त्यांच्या खोल्या झाडणाऱ्या, जड गाद्या उचलून चादरी बदलणाऱ्या बायका आमच्या गावच्या आहेत, नाहीतर पलीकडच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या. त्यांना दिवसभरात टेकायला मिळत नाही. मी एका हॉटेलात हिशेब बघते, त्यामुळे हे रोज समोर दिसतं. "बसलेलं दिसलं की लगेच दुसरं काम सांगतात हो ताई," असं त्यांतली एक मला म्हणाली. घरी पहाटे उठून डबे करून आलेली असते ती, आणि परत गेल्यावर चूल तिचीच.

अशा बाईला "स्वतःसाठी वेळ काढ" असं सांगणं मला पटत नाही. वेळ काढायचा कुठून? तिला लागतात ती दोन कामांच्या मधली पाच मिनिटं.

गोव्यात अशा थांबण्याच्या जागा दिवसातच होत्या. बारा वाजता इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा वाजली की शेजारची ख्रिस्ती म्हातारी माणसं हातातलं काम ठेवून प्रार्थना पुटपुटायची. आमच्याकडे दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लागला की घर क्षणभर गप्प व्हायचं. म्हापशाच्या बाजारात आजही कितीतरी दुकानदार दुपारी शटर ओढून जेवायला घरी जातात. बाहेरचे याला आळस म्हणतात, त्याचा मला मनापासून राग येतो. उकाड्यात डोकं आणि शरीर सांभाळायची ती जाणती रीत आहे.

आणि या थांबण्याचा उपयोग खराच होतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून श्वास सोडायला थोडा जास्त वेळ द्यायचा. मनातल्या मनात चार आकडे मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. असे सहा श्वास झाले की साधारण एक मिनिट होतं. पाय जमिनीला टेकलेले, खांदे सैल, लक्ष नाकाशी. मन भरकटणारच. भरकटलं की पुन्हा श्वासाशी आणायचं, स्वतःवर चिडायचं नाही. दिवसभर स्क्रीनपुढे असणाऱ्यांना डोळ्यांचे डॉक्टरही सांगतात, दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा. मी खिडकीतून समोरच्या माडाकडे बघते.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात हेच रुग्णांना शिकवायला घेतलं. बौद्ध साधनेतून घेतलेला काही आठवड्यांचा कार्यक्रम होता तो. त्यांच्याकडे येणाऱ्यांत जुनाट दुखण्यानं गांजलेले बरेच होते. म्हणजे ही चैनीची गोष्ट म्हणून सुरू झालेली नाही. कंबर धरलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा तिच्यावर पहिला हक्क आहे.

मोबाईलबद्दल मात्र मी हट्टी आहे. चहाच्या सुट्टीत रील बघत बसलं की हात थांबतात, डोकं धावतच राहतं. तेवढा वेळ फोन पर्समध्ये राहू द्या. चहा पिताना चहाच प्या.

पण श्वास घ्यायला आधी बसायला तर मिळालं पाहिजे! १९४८ च्या कारखाना कायद्यानं सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असं घालून दिलं होतं. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांना बसायची सोय देणं कायद्यानं बंधनकारक केलं. केरळात साड्यांच्या दुकानांत दिवस दिवस उभ्या राहणाऱ्या बायकांनी त्यासाठी आवाज उठवला होता.

माझ्या ओळखीत हॉटेलं, शोरूम, मेडिकल स्टोअर चालवणारे बरेच जण आहेत. तुम्हालाच विचारते, चादरी ठेवायच्या खोलीत एक खुर्ची आणि काउंटरमागे एक स्टूल ठेवाल का? आणि त्यावर कोणी बसलेलं दिसलं, तर पाच मिनिटं तिला हाक मारू नका.